गडर लाइनची तक्रार ॲपवर "निकाली", आता लोकायुक्तांकडे लिहावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण नागपुरातल्या एका लेआउटमध्ये घरासमोरचं गडरचं (सांडपाण्याच्या लाइनचं) चेंबर दोन पावसाळ्यांपासून उफाळून येते, घाण पाणी अंगणात आणि एकदा तर बाथरूमच्या जाळीतून घरात, महापालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली की चार-पाच दिवसांत "निराकरण झाले" असा मेसेज येतो आणि प्रत्यक्षात कोणी फिरकत नाही. तर आता सरळ लोकायुक्तांकडे लिहायचं का, आणि लिहून काही होते का, की नुसताच कागद खर्च. सोबत तक्रारीचा मसुदा पाठवला आहे, आणि शेजाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या का, जेई नाराज तर होणार नाही ना, हेही विचारलं आहे.

होते भाऊ. पण तुम्हाला वाटून राहिलं तसं नाही होत. म्हणजे लोकायुक्तांचं पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी जेसीबी दारात, असं काही नसते. मी नोकरीभर टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतो, विदर्भातल्या नगरपरिषदांमध्ये, लोकायुक्त कार्यालयाकडून पत्र आलं की त्याचा अहवाल तयार करणारा जो माणूस असतो ना, तो मी. आता रिटायर होऊन नागपुरात आहो आणि लोकांचे अर्ज वाचून देतो, त्यामुळे दोन्हीकडचं माहीत आहे. मी नागपूर महापालिकेत नव्हतो, तेव्हा खालचे किस्से तिथले समजू नका.

पहिले हे समजून घ्या की पत्र आल्यावर ऑफिसात होते काय. साधी तक्रार आली तर ती आवक रजिस्टरला चढते, खाली सरकत सरकत जेईच्या (कनिष्ठ अभियंत्याच्या) टेबलावर जाते आणि जेई त्यावर काहीतरी शेरा मारून मोकळा होतो, वर कोणी विचारत नाही. लोकायुक्तांचं पत्र वरून येते. त्याच्यावर प्रकरण क्रमांक असतो, अमुक तारखेच्या आत अहवाल द्या असं लिहिलेलं असते, आणि ते आयुक्तांच्या किंवा मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं असते. साहेब त्याच्यावर पेनानं "तातडीने" लिहून खाली पाठवतात, मग विभागप्रमुख, मग उपअभियंता, मग जेई. आणि वर जाताना प्रत्येकाला सही करावी लागते. सगळी गंमत त्या सहीत आहे. ॲपवर "निराकरण झाले" हे बटण कोणी दाबलं ते कोणालाच माहीत नसते, पण लोकायुक्तांना पाठवलेल्या अहवालावर नाव, हुद्दा, तारीख असते, आणि तो अहवाल खोटा निघाला तर सही करणाऱ्याला कोणी वाचवायला येत नाही. म्हणून पत्र आलं की जुनी फाइल शोधायची धावपळ सुरू होते, काहून की बऱ्याचदा फाइलच नसते.

आता याच्यातली दुसरी बाजू, जी लोकांना माहीत नसते. अहवाल लिहिणारा पहिले तक्रारीत पळवाट शोधतो, मीपण शोधायचो, कामच ते होतं. तुम्ही लिहिलं की "आमच्याकडे गडरचा फार त्रास आहे, प्रशासन झोपलं आहे, कृपया न्याय द्यावा", तर उत्तर तयार आहे: जेटिंग मशीन (जोराच्या पाण्यानं लाइन मोकळी करणारी) पाठवायची, चेंबर साफ करायचं, एक फोटो काढायचा आणि लिहायचं की "सदर ठिकाणी चेंबरची साफसफाई करण्यात आली असून सद्यस्थितीत प्रवाह सुरळीत आहे". हे खोटं नसते! त्या दिवशी खरंच सुरळीत असते. प्रकरण बंद. पुढच्या पावसात पुन्हा तेच, आणि तुम्ही म्हणता लोकायुक्त काही कामाचा नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच की लोकायुक्त हा काम करून देणारा माणूस नाही, तो उत्तर मागणारा माणूस आहे, तेव्हा तक्रारीत असे प्रश्न टाका की ज्यांना "कार्यवाही सुरू आहे" हे उत्तर बसतच नाही. "अमुक तारखेच्या माझ्या अर्जावर जागेची पाहणी कोणी आणि कोणत्या तारखेला केली?" "ॲपवर निराकरण झाल्याचा शेरा कोणाच्या अहवालावरून मारला?" "ही लाइन किती इंचाची आहे, टाकली तेव्हा किती घरांसाठी होती आणि आज किती घरं जोडलेली आहेत?" "लाइन बदलायचं एस्टिमेट झालं आहे का, झालं असेल तर ते कोणत्या टेबलावर आणि केव्हापासून आहे?" अशा चार प्रश्नांचं पत्र आलं की अहवाल लिहिणाऱ्याला घाम फुटतो, खरं सांगतो. काहून की यातल्या प्रत्येकाचं उत्तर एक तारीख, एक आकडा किंवा एक नाव आहे. साफसफाईचा फोटो लावून भागत नाही.

कायदा काय म्हणतो ते थोडं सांगतो, जास्त नाही. आपल्याकडे महाराष्ट्र लोकायुक्त आणि उपलोकायुक्त अधिनियम १९७१ चा आहे, आणि १९७२ साली ही संस्था प्रत्यक्ष सुरू करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. त्यात दोन प्रकारच्या तक्रारी आहेत. एक गाऱ्हाणं, म्हणजे कारभार नीट न झाल्यामुळे मला अन्याय किंवा नाहक त्रास झाला. दुसरं अभिकथन, म्हणजे आरोप, की अमक्यानं पैसे खाल्ले, पदाचा गैरवापर केला. तुमचं गडरचं प्रकरण पहिल्या प्रकारात बसते. कायद्यात नीट न झालेल्या कारभारात हयगय आणि अवाजवी उशीर हे दोन्ही धरले आहेत, आणि "कृती" या शब्दात कृती न करणं पण धरलं आहे, हे फार महत्त्वाचं आहे कारण महापालिकेविरुद्धच्या दहातल्या बहुतेक तक्रारी या काही केलं नाही म्हणूनच असतात.

मुदत. गाऱ्हाण्याला बारा महिने, ज्या दिवशी तुम्हाला ते कळलं त्या दिवसापासून. आरोपाला तीन वर्षं. आता तुमचे दोन पावसाळे झाले, म्हणजे कोणी अडून बसला तर म्हणू शकतो की मुदत गेली. त्याच्यावर उपाय सोपा आहे, जुन्या पावसाळ्याची रडगाणी मुख्य मुद्दा करू नका, ती पार्श्वभूमी म्हणून दोन ओळीत लिहा. आज झोन ऑफिसात नवीन लेखी अर्ज द्या, आणि त्या अर्जावर काही झालं नाही हे तुमचं गाऱ्हाणं. त्याची मुदत नव्यानं मोजता येते.

आणि लेखी म्हणजे कागदावर. ॲपचा टोकन नंबर चांगला आहे, स्क्रीनशॉट काढून ठेवा, पण टोकनवर विसंबून राहू नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक अशी पोच घ्या. नागपुरात दहा झोन आहेत, लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी, तर पहिले आपली गल्ली कोणत्या झोनात येते ते खात्री करा, सीमेवरच्या लेआउटवाल्यांचे यातच सहा महिने जातात. टॅक्सच्या पावतीवर झोन लिहिलेला असतो, ते बघा. बाबूनं म्हटलं "राहू द्या ना, मी साहेबांना सांगतो" तर गोड हसायचं आणि पोच घेऊनच बाहेर पडायचं.

सरळ लोकायुक्तांकडे उडी मारायला कायद्यानं बंदी नाही, पण तिथे पहिला प्रश्न हाच येतो की तुम्ही संबंधित ऑफिसला कळवलं होतं का, त्यांना वेळ दिला होता का. ब्रिटनमध्ये कौन्सिलांच्या तक्रारींसाठी १९७४ पासून वेगळा ऑम्बुड्समन आहे, तोही आधी कौन्सिलचं तक्रार निवारण पूर्ण करून या असंच म्हणतो, आणि त्याचीही मुदत साधारण बारा महिन्यांचीच. केरळात तर स्थानिक संस्थांसाठीच वेगळा ऑम्बुड्समन आहे. आपल्याकडे तसं वेगळं काही नाही, मंत्रालयापासून झोन ऑफिसापर्यंत सगळ्यांसाठी एकच लोकायुक्त कार्यालय, ते पण मुंबईला, त्यामुळे तिथे पोचेपर्यंत तुमचा कागद पक्का पाहिजे.

पक्का करायला मधल्या पायऱ्या. लोकशाही दिन, म्हणजे साहेब लोकांच्या तक्रारी समोर ऐकतात तो दिवस, महिन्याचा पहिला सोमवार, त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागते हे लोक विसरतात आणि त्याच दिवशी जाऊन उभे राहतात. आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाकता येते, तिथे एकवीस दिवसांत उत्तर द्यायचं ठरलेलं आहे. ही उत्तरं बहुतेक वेळा फालतू असतात, पण फालतू उत्तरसुद्धा कागद आहे, ते जोडायला कामी येते.

पण खरं हत्यार माहितीचा अधिकार आहे, आणि लोक तो उलटा वापरतात. "माझ्या तक्रारीवर कारवाई का केली नाही" असं विचारलं की उत्तर येते, "का" ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही. का विचारू नका, कागद मागा. माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील नोटशीटची (फाइलमधल्या शेऱ्यांच्या पानांची) प्रत, पाहणी अहवालाची प्रत, या लाइनच्या एस्टिमेटची प्रत, जेटिंग मशीनच्या लॉगबुकची त्या महिन्याची पानं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत पाहिजे हे लक्षात ठेवा, फी दहा रुपये, उत्तराला तीस दिवस, नाही आलं तर पहिलं अपील, आणि दुसऱ्या अपिलाला माहिती आयोगाचं आपलं नागपूर खंडपीठ आहेच, पण तिथली रांग मोठी, त्याची वाट पाहत लोकायुक्तांची मुदत घालवू नका. लॉगबुकचं मी मुद्दाम सांगितलं. एका नगरपरिषदेत असंच प्रकरण होतं, अहवालात लिहिलं होतं की मशीन अमुक तारखेला पाठवली, आणि लॉगबुकमध्ये त्याच तारखेला तीच मशीन दुरुस्तीला गेलेली. पुढे काही बोलायची गरजच पडली नाही, सुनावणीत उपअभियंत्यानं स्वतःच लाइन बदलायची मुदत सांगितली.

आता नागपूरचा खास रोग, लाइन कोणाची. तुमचं लेआउट गुंठेवारीतलं (परवानगीशिवाय प्लॉट पाडलेलं) आहे की नाही ते तुम्ही लिहिलं नाही, पण दक्षिणेकडे असल्यामुळे शंका येते. ५७२ आणि १९०० अनधिकृत लेआउट नियमित करायची भानगड नागपूरकरांना सांगायला नको, आरएल (नियमितीकरणाचं पत्र) नासुप्रकडून, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासकडून घेतलं, डिमांड नोट तिकडे भरली, टॅक्स महापालिकेला देऊन राहिलो, आणि गडर चोक झाली की महापालिकावाले म्हणतात लाइन नासुप्रची, नासुप्रवाले म्हणतात लेआउट हस्तांतरित झालं. ही टोलवाटोलवी सामान्य माणूस आयुष्यभर खेळला तरी संपत नाही. पण लोकायुक्तांची खरी ताकद मला याच जागी दिसली. तक्रारीत दोघांनाही पक्ष करा, आणि पहिली मागणी हीच लिहा की या लाइनच्या देखभालीची जबाबदारी कोणाची आहे हे दोन्ही कार्यालयांनी लेखी सांगावं. दोन ऑफिसांना एकाच प्रकरणात वेगवेगळे अहवाल पाठवावे लागले की ते एकमेकांविरुद्ध लिहितात, आणि दोन्ही समोर असले की सुनावणीत फैसला होतोच. बेसा-पिपळ्याकडचे असाल तर तिथे नगरपंचायत आहे, महापालिकेला लिहून उपयोग नाही, ते पण बघून घ्या.

नळाला घाण पाणी येते अशी तक्रार असेल तर तसंच एक पथ्य आहे. नागपुरात पाणीपुरवठा चालवायला ऑपरेटर कंपनी आहे, लोक कंपनीविरुद्ध लिहितात. तसं न लिहिता महापालिकेच्या जलप्रदाय विभागानं देखरेख केली नाही असं लिहा, जबाबदारी महापालिकेची आहे, कंत्राट दिलं म्हणून ती गेली नाही. आणि पिण्याच्या पाण्यात गडर मिसळत असेल तर बाप्पा लोकायुक्तांची वाट पाहू नका, पाण्याचा नमुना तपासायला द्या, झोनला आणि आरोग्य विभागाला त्याच दिवशी लेखी कळवा, गरज पडली तर हायकोर्ट. लोकायुक्तांकडे महिने लागतात, कावीळ थांबत नाही.

सगळंच तिथे चालत नाही, हेही सांगतो. ज्याच्यासाठी कोर्टाचा किंवा न्यायाधिकरणाचा रस्ता आहे ते साधारण घेत नाहीत. घरटॅक्सचं मूल्यांकन चुकलं, तर त्याचं अपील कायद्यानं न्यायाधीशासमोर आहे, तिकडे जा. पण टॅक्सवरची तुमची हरकत घेतलीच नाही, सुनावणीची तारीखच दिली नाही, वर्षभर कागद पडून आहे, तर तो उशीर गाऱ्हाण्यात मांडता येते. शेजाऱ्याचं अनधिकृत बांधकाम, तिथेपण तसंच, भिंत कोणाच्या हद्दीत हे लोकायुक्त ठरवत नाहीत, पण एमआरटीपीच्या (नगररचना कायद्याच्या) कलम ५३ ची नोटीस देऊन पुढे ऑफिस गप्प का बसलं हे विचारू शकतात. जन्माचा दाखला, नळजोडणी, असेसमेंटचा उतारा यांसारख्या अधिसूचित सेवा मुदतीत मिळाल्या नाहीत तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा जास्त कामाचा, त्यात दोन अपिलं आणि मग आयोग, अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे, पण खिशातून जाते म्हणून झोंबते. सरकारी नोकरांनी आपल्या बदली-बढतीचं रडणं तिथे नेऊ नये, ते वगळलेलं आहे, पेन्शन-ग्रॅच्युइटीचं चालते. आणि विद्युत लोकपाल म्हणून नागपुरात जे ऑफिस आहे ते विजेच्या ग्राहकांचं आहे, गल्लीतला दिवा बंद म्हणून तिथे जाऊ नका, एक काका खरंच गेले होते.

पूर, नाल्यावरचं अतिक्रमण, तलाव असे अख्ख्या वस्तीचे विषय असतील तर माझं मत हायकोर्टाकडे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर अंबाझरी तलावाकडचे रहिवासी नागपूर खंडपीठातच गेले, ते बरोबर केलं, तिथे आदेश होतो. लोकायुक्त शिफारस करतात.

हो, शिफारसच. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो. सुनावणी होऊन अन्याय झाला असं दिसलं तर लोकायुक्त लिहितात की अमुक मुदतीत हे दुरुस्त करा, आणि मुदत संपल्यावर एक महिन्यात काय केलं ते कळवावं लागते. नाहीच ऐकलं तर राज्यपालांना विशेष अहवाल जाऊ शकतो आणि तो विधिमंडळासमोर येतो. आपल्या डिसेंबरच्या अधिवेशनाच्या गर्दीत (ज्या काळात झोनचे सगळे कर्मचारी सिव्हिल लाइन्सच्या बंदोबस्तात असतात आणि आपल्या गडरला कोणी वाली नसतो) तो कोण वाचते हा प्रश्न वेगळा. पण माझ्या अनुभवात गोष्ट तिथपर्यंत जातच नाही. काम होते ते सुनावणीच्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात. साहेबांना मुंबईला जाऊन "अजून केलं नाही" असं सांगायचं नसते, बस एवढंच कारण.

म्हणून त्या आठवड्यात जेई घरी आला, गोड बोलला, मशीन लावली आणि म्हणाला की "आता झालं ना, तक्रार मागे घेतल्याचं लिहून द्या", तर लगेच लिहून देऊ नका. नाही म्हणून भांडूही नका. म्हणा, लोकायुक्त साहेबांना कळवतो की साफसफाई झाली, लाइन बदलायची बाकी आहे. आणि तसंच कळवा. अहवालाची प्रत तुमच्याकडे आली की त्याच्यावर तुमचं म्हणणं मागतात, ही संधी निम्मे लोक घालवतात, उत्तरच पाठवत नाहीत, मग तिकडे वाटते की तक्रारदाराचं समाधान झालं. मुद्देवार लिहा, अहवालातला परिच्छेद दोन चुकीचा आहे, कारण सोबत जोडलेला कागद क्रमांक चार. सुनावणी बंद खोलीत होते, वकील लागत नाही, भाषण तर अजिबात लागत नाही. एका पानावर तारखांची यादी न्या आणि शेवटी एकच मागा, काम केव्हा पूर्ण होईल त्याची तारीख अधिकाऱ्यांनी इथे नोंदवावी.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो, गाऱ्हाण्यात भ्रष्टाचार घुसवू नका. तुमच्या मसुद्यात "जेई व कंत्राटदार यांची मिलीभगत" असं लिहिलं आहे. असेलही. पण पुरावा आहे का? आरोप केला की शपथपत्र लागते, प्रकरणाचं स्वरूप बदलते, आणि ऑफिसातले सगळे, जे एरवी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत ते, त्या जेईमागे उभे राहतात. मी हे आतून पाहिलं आहे. नुसता उशीर विचारला तर प्रत्येक जण बोट दुसऱ्याकडे दाखवतो आणि त्यातूनच तुम्हाला खरी माहिती मिळते. पैशाचे पुरावे हाती आले तर वेगळी तक्रार करा.

शेजाऱ्यांच्या सह्यांचं विचारलं होतं. गाऱ्हाणं ज्याला त्रास झाला त्यानंच करायचं असते, म्हणून ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याच्या नावानं करा, बाकीच्यांच्या सह्यांचा कागद सोबत जोडा. नगरसेवकाचं पत्र मिळालं तर जोडा, पण त्याच्यावर अडून राहू नका, मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर काही वर्षं नागपुरात नगरसेवकच नव्हते, तेव्हाही अर्ज चालतच होते.

आणि जेई नाराज होईल, पुढे आमचं काहीच करणार नाही, ही जी भीती आहे ती मला पटत नाही. आता तरी कुठे करून राहिला आहे?

तर या आठवड्यात झोनला अर्ज आणि पोच, तीस दिवसांनी एक स्मरणपत्र, त्याचीही पोच, मधल्या काळात आरटीआय. आरटीआयचे कागद आले की पाहणी अहवालाची तारीख आणि ॲपवरच्या "निराकरण झाले"ची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघा, त्याच्यानंतरच मसुद्याला हात लावा.